हौस नाही, उपचारच
रविवारच्या पुरवणीतला स्तनाच्या कॅन्सरवरचा लेख चांगला होता, पण ऑपरेशननंतर स्तन परत बनवून घेणं म्हणजे शहरी बायांची हौस, हा त्यातला सूर काही पटला नाही. बीआरसीए नावाच्या जीनमध्ये (आईबापाकडून येणाऱ्या जनुकात) बिघाड असला की हा कॅन्सर व्हायची शक्यता जन्मभरात ७० टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणून कितीतरी जणी दोन्ही स्तन काढून घेतात, तेही तरुणपणीच. मग पोटाची कातडी-चरबी घेऊन नाहीतर सिलिकॉन इम्प्लांट टाकून ते बनवता येतात, बरेचदा त्याच ऑपरेशनात. अमेरिकेत तर १९९८ च्या कायद्यानं, स्तन काढायचा खर्च देणाऱ्या विमा कंपनीला तो परत बनवायचा खर्चही द्यावा लागतो. आमच्याकडं वावरात कापूस वेचणाऱ्या बाईला असं काही करता येतं हेच कोणी सांगत नाही, करायचं का नाही ते ती ठरवेल ना (सासू-नवरा नव्हे), डॉक्टरनं आधी विचारावं तरी.
– एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ