गाडी शाकारून ठेवण्याविषयी

रत्नागिरी,
कार्तिक शुद्ध पंचमी

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

आजीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नीट पार पडली. मात्र तिला भिंतीचा आधार न घेता अंगणापर्यंत चालता येत नाही, तोवर मला येथून निघता येणार नाही. त्यामुळे इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या गॅरेजमधली आपली १९७२ सालची एमजीबी गाडी या वर्षी तुलाच हिवाळ्यासाठी बंद करून ठेवावी लागेल. फोनवर सांगितलेले निम्मे विसरले जाते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आपल्याकडे मे महिन्याच्या अखेरीस होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, ते तू लहानपणी पाहिले आहेस. होडी शाकारताना झावळ्यांखालून वारा खेळता ठेवतात, हेही तुला आठवत असेल. गाडीचेही तसेच आहे. लोक थंडीला भितात, पण लोखंडाला थंडी फारशी बाधत नाही. त्याला खाते ती ओल. मी पहिल्या हिवाळ्यात मोठ्या मायेने गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधली आणि हँडब्रेक ओढून ठेवला. मार्चमध्ये ताडपत्री काढली तेव्हा आतून पाणी निथळत होते, बॉनेटच्या रंगाला फोड आले होते, आणि मागचे ब्रेक शू ड्रमला असे चिकटले होते की चाक सोडवायला हातोडा घ्यावा लागला. त्यात दोष कुणाचा नव्हता, माझाच होता.

बर्फासाठी रस्त्यांवर मीठ पडण्याआधी एक कोरडा दिवस निवड आणि गाडी खालून धू. वरचा रंग चमकवण्यात वेळ घालवू नकोस. चाकांच्या कमानींच्या आतला चिखल काढ आणि दारांच्या व सिलच्या (दाराखालच्या पोकळ पट्टीच्या) तळाशी असलेली पाणी निघण्याची भोके तारेने मोकळी कर. या गाडीला वेगळी चासी नाही, तिचा सगळा भार बॉडीच पेलते. त्यामुळे दाराखालचे सिल कुजले म्हणजे नुसता पत्रा गेला असे होत नाही, गाडीचा कणाच गेला असे समज. धुऊन झाल्यावर पंधरा-वीस मैल फिरवून आण, म्हणजे कानाकोपऱ्यातले पाणी वाळेल. परत येताना टाकी भरून घे, कारण टाकीत हवा जितकी कमी, तितकी ओल कमी धरते. पेट्रोल मात्र महागडे ई५, म्हणजे कमी इथेनॉलचे, घे. सप्टेंबर २०२१ पासून पंपावर साधे म्हणून मिळते ते ई१०. त्यातले इथेनॉल पाणी ओढते आणि जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही.

इंजिन गरम आहे तोवरच ऑइल बदल. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ले आणि पाणी साठलेले असते. ते चार महिने बेअरिंगांवर बसू देऊन वसंतात नवे ऑइल भरणे म्हणजे उष्टी भांडी तशीच ठेवून चार महिन्यांनी घासण्यासारखे आहे. २०डब्ल्यू-५० ऑइलचा डबा फडताळात खालच्या कप्प्यात आहे. रेडिएटरमध्ये पाणी आणि अँटिफ्रीझ (पाणी गोठू न देणारे द्रव) निम्मेनिम्मे असल्याची खात्री कर. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते आणि इंजिनचा बिडाचा ब्लॉक तेवढ्यानेही तडकतो. इंजिनात थंडीने खरोखर बिघडेल अशी ही एवढीच गोष्ट.

बॅटऱ्या सीटच्या मागे, जमिनीखाली आहेत: सहा-सहा व्होल्टच्या दोन, एकीला दुसरी जोडलेली. बॉडीला जोडलेली ऋण तार आधी सोड, म्हणजे दुसरी तार सोडताना पाना पत्र्याला लागला तरी ठिणगी उडणार नाही. दोन्ही मिळून बारा व्होल्ट होतात, म्हणून चार्जर त्या जोडीच्या दोन टोकांना लाव.

टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा भर, नाहीतर ते एका जागी चपटे होतात. हँडब्रेक पूर्ण सोड आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लाव. क्लचचे पेडल दाबलेले राहावे म्हणून मी सीट आणि पेडल यांच्यामध्ये काठी अडकवतो, म्हणजे क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटत नाही. त्याने क्लचच्या सिलिंडरच्या रबरावर ताण येतो असे काही जाणकार म्हणतात, पण मला रबर बदलणे इंजिन उतरवण्यापेक्षा परवडते. हुड, म्हणजे गाडीचे घडीचे छत, वर ओढूनच ठेव. घडी केलेले व्हिनाइल थंडीत घडीवरच तडकते. एक्झॉस्टच्या तोंडात भांडी घासायच्या स्टीलच्या तारेचा बोळा कोंब, उंदीर आत शिरत नाहीत. मग सुती आच्छादन घाल.

आता कळकळीचे. शेजारचे काका दर रविवारी सांगतील की इंजिन पाच मिनिटे चालव, बिचारे मोकळे होईल. त्यांना चहा दे, पण किल्ली देऊ नकोस. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी तयार होते. इंजिन पुरते तापले तर त्याची वाफ निघून जाते. पाच मिनिटांत ते सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साचून राहते.

विमा चालू ठेव, कारण आग आणि चोरी हिवाळ्याची सुटी घेत नाहीत. गाडी चाळीस वर्षांहून जुनी असल्याने कर शून्य असला, तरी विमा बंद केलास तर ती रस्त्यावर नसल्याची सॉर्न नोंद करावी लागेल.

शेवटी एका कागदावर ‘एक्झॉस्टमध्ये बोळा, क्लचला काठी, बॅटरी सुटी, ठोकळे’ असे लिहून तो स्टिअरिंगला बांध. एका वर्षी मी बोळा विसरून अर्धा तास स्टार्टर मारत बसलो होतो, आणि तुझी आई खिडकीतून पाहत होती. बांधलेल्या कागदाचा फोटो मला पाठव.

तुझा,
बाबा