क्षारपड रानात बुरशी टाकण्याआधी

संपादक महोदय,

लागणीचे दिवस आले की कृष्णा-वारणा काठच्या क्षारपड गावांत ‘व्हॅम टाका, मीठ पचवून टाकेल’ असा सल्ला सर्रास दिला जातो. व्हॅम म्हणजे मायकोरायझा, पिकाच्या मुळाशी भागीदारी करणारी बुरशी; ती मीठ पचवत नाही. ती मुळात शिरून राहते, आणि तिचे केसाहून बारीक तंतू मूळ पोहोचत नाही तिथले स्फुरद व पाणी आणून देतात. पिकात पोटॅश टिकून राहते, सोडियम तुलनेने कमी चढते, म्हणून पीक तग धरते. जमिनीतले मीठ मात्र होते तेवढेच राहते. ते धुऊन जायला पाणी लागते आणि त्या पाण्याला बाहेर पडायला वाट.

त्यामुळे निचरा आधी, बुरशी नंतर. जिथे वाफसाच येत नाही तिथे मुळांना हवा मिळत नाही, बुरशीलाही नाही. चर किंवा सच्छिद्र पाइप नसलेल्या रानात पुडा फोडणे म्हणजे पैसे पाण्यात, अगदी शब्दशः. सामू 8.5 च्या वर आणि विनिमययुक्त (मातीच्या कणांना चिकटलेले) सोडियम 15 टक्क्यांहून जास्त असेल तर जमीन चोपण आहे. तिला परीक्षणानुसार जिप्सम, मग धैंचा हे हिरवळीचे पीक गाडणे, हे चुकत नाही.

माती परीक्षणाचा अहवाल वाचताना एक घोळ नेहमी होतो. पुस्तकातली क्षारतेची 4 (डेसिसायमन प्रति मीटर) ही मर्यादा संपृक्त अर्काची, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची असते. आपल्याकडच्या प्रयोगशाळा बहुधा एक भाग माती, अडीच भाग पाणी घेऊन मोजतात. काळ्या भारी जमिनीत तो आकडा संपृक्त अर्काच्या साधारण तिसरा-चौथा हिस्सा भरतो. अहवालात 1.2 दिसले म्हणून निर्धास्त राहू नये.

बुरशी द्यायची खरी जागा रोपवाटिका आहे. खाऱ्या मातीत तिचे बीजाणू नीट रुजत नाहीत. गोड्या माध्यमात वाढलेल्या रोपाच्या मुळात ती आधीच बसलेली असली तर पुढे टिकते. गादीवाफ्यावर चौरस मीटरला 100 ग्रॅम, बियांखाली 2-3 सेंटीमीटरवर. पिशवीतल्या रोपाला 5 ते 10 ग्रॅम, मुळाला भिडेल असे. वरून विस्कटून उपयोग नाही. मातीआधारित पावडर ठिबकमधून सोडू नये: 120 मेशच्या जाळीची भोके सुमारे 130 मायक्रॉनची, मोठे बीजाणू आणि मुळांचे तुकडे फिल्टरमध्येच अडकतात. पुड्यावर प्रति ग्रॅम किमान 100 जिवंत प्रजोत्पादक घटक (ज्यांपासून बुरशी पुन्हा वाढते ते बीजाणू, मुळांचे तुकडे) लिहिलेले आहेत का आणि मुदत कधीची, हे पाहूनच घ्यावा.

बिघडते ते बहुतेक दोन ठिकाणी. उसाचे बेणे कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकात बुडवून लगेच त्याच टिपरीला बुरशी चोळतात; बुरशीनाशक मित्र-शत्रू पाहत नाही. दुसरे, 18:46 (डीएपी) खताचा सगळा हप्ता सरीत मुळाशी. स्फुरद आयते मिळाले की पीक बुरशीला मुळात थारा देत नाही. स्फुरदाची मात्रा माती परीक्षणानुसारच द्यावी. शिवाय खाऱ्या जमिनीसाठी सुचवले जाणारे बीट, तसेच पालक, कोबी, मोहरी ही पिके मायकोरायझाला मुळात घेतच नाहीत. थरच्या वाळवंटात सापडलेली पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका ही वेगळी बुरशी कोबी-मोहरीच्या कुळातही वसते आणि जिवंत मुळाशिवाय प्रयोगशाळेत वाढवता येते. बार्लीवर तिचा क्षार-सहनशीलतेचा परिणाम 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. ट्रायकोडर्मा तिसरीच, ती शेणखतात मुरवून द्यायची, मायकोरायझाची जागा ती घेत नाही.

बुरशी बसली की नाही, हे पुड्यावरून नव्हे, मुळावरून ठरवावे. 45 दिवसांनी बारीक पांढरी मुळे धुऊन जवळच्या कृषी महाविद्यालयात न्यावीत. तिथे ती पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या 10 टक्के द्रावणात तापवून पारदर्शक करतात (हे रसायन कातडी भाजते, घरी नको), धुतात आणि व्हिनेगरमध्ये 5 टक्के काळी शाई घालून त्यात तीन मिनिटे उकळतात. काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली शंभरपट मोठे करून पाहिले की मुळाच्या पेशींत शाईने रंगलेले गोल फुगे आणि झुडपासारखे फाटे दिसतात. ते दिसले नाहीत, तर पुढच्या हंगामात तोच पुडा पुन्हा घेऊ नये आणि दुकानदाराला ती काचपट्टी दाखवावी.

– मृदाशास्त्राचे एक अभ्यासक, मिरज