आईला बसवून ठेवलं, तिथेच चुकलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्येष्ठांविषयी तुमच्या पेपरात अधूनमधून येतं, बहुतेक १ ऑक्टोबरच्या आसपास, शाल-श्रीफळाच्या फोटोसकट. मला त्यावर काय म्हणायचं नाही, पण आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या घरात जे घडलं ते लिहावंसं वाटलं, कारण वाड्यावर विचारलं तर दर दोन घराआड हेच चाललंय.

आई ७९ वर्षांची. दोन वर्षांमागे ऐन पावसात घरातल्या घरात घसरून पडली. दोष आमचाच, शेणाची जमीन काढून चकचकीत लाद्या बसवायची हौस आम्हालाच होती, आणि पावसात दमट हवेने त्यांना घाम सुटतो. हाड मोडलं नाही, मुका मार लागला, आठ-दहा दिवसांत ती बरी झाली असती. पण आम्ही एवढे घाबरलो की तिला काही करूच देईना. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, जाऊ नको, सुपाऱ्या वेचू नको, देवीची फुलं सून काढेल, तू बस गं. पर्वरीहून भाऊ रोज फोन करून तेच, आईला बसव. चहा हातात, टीव्ही समोर. जेवणही कमी झालं, सकाळी चहात पाव, दुपारी पेज नि लोणचं, अळसांद्याचं तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची आमटी) नको, गॅस होतो म्हणे. तीन महिन्यांनी तिला खुर्चीतून हाताला धरून उठवावं लागायला लागलं!

आरोग्य केंद्रात फिजिओथेरपीच्या मुलीने तपासलं नि सरळ मलाच झापलं, आजारबिजार काही नाही, तुम्हीच बसवून बसवून यांचे पाय घालवलेत. मला राग आला खरंतर. मग वाचायला लागलो तर कळलं की तब्येतीने ठणठणीत असलेल्या म्हाताऱ्या माणसांना प्रयोगासाठी फक्त १० दिवस झोपवून ठेवलं तर त्यांच्या पायातलं जवळजवळ १ किलो मांस उतरलं. दहा दिवसांत! आम्ही तर तीन महिने प्रेमाने बसवलं होतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की ६५ च्या पुढच्यांनी आठवड्यातून निदान ३ दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत. त्या मुलीने दिलेला व्यायाम म्हणजे खुर्चीतून हात न टेकता उठायचं-बसायचं, आणि ओटा धरून टाचा वर करायच्या. आई म्हणाली, हे तर मी फुलं काढताना करत होते की.

आणि धालो, आमच्याकडचा बायकांचा गाण्या-नाचाचा उत्सव. पौषात मांडावर, म्हणजे धालोच्या ठरलेल्या अंगणात, रात्र रात्र बायका दोन फळ्या करून समोरासमोर उभ्या राहतात, एकमेकींच्या पाठीवरून हात घालून, वाकत, पुढे-मागे पावलं टाकत. त्याला व्यायाम कोणी म्हटलं नाही कधी, पण साठी-सत्तरीच्या बायका त्यात असतात. यंदा आई आधी दोन रात्री नुसती कडेला बसून गायली, तिसऱ्या रात्री शेजारच्या काकीने तिला उठवून फळीत घेतलं, अर्धी गाणी उभी होती. मी बाहेर उभा राहून बघत होतो, जास्त काय लिहीत नाही.

आता तक्रार. २०११ च्या जनगणनेत देशात साठीवरचे ८.६ टक्के होते तेव्हा गोव्यात ११.२ टक्के होते, फक्त केरळ पुढे. म्हणजे हे आम्हाला कधीपासून माहीत आहे. गोवा सरकारच्या सोशल सिक्युरिटी योजनेचे महिन्याला २००० येतात, त्याचा आधार आहेच, नाकारत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरच्यांना ५ लाखांचं आयुष्मान कार्डही मिळतं. पण ते पडल्यावर कामाला येणार, मी पडायच्या आधीचं बोलतोय. बसची पहिली पायरी एवढी उंच की म्हातारं माणूस आधी गुडघा टेकून चढतं. बस स्टॉपला छप्पर आहे, बसायला कट्टा नाही. देवळाच्या पायऱ्यांना पकडायला दांडी नाही, पेव्हर घातलेत त्यावर जूनपासून शेवाळ. याला कोटी-बिटी लागत नाहीत हो, एक वेल्डर नि दोन दिवस.

आमच्या घराकडून मांडावर जायच्या वाटेत उघडं गटार आहे. ग्रामसभेत दोनदा विषय काढला, लिहूनही घेतला. तोवर आम्ही पोफळीचं खोड फाडून साकवासारखं आडवं टाकलंय आणि आई त्यावरून माझा खांदा धरून जाते. पावसात ते बुळबुळीत होणार. मे संपायच्या आधी तिथे स्लॅब पडला तर बरं.

आपला,
सत्तरीतला एक वाचक