नभोवाणीच्या संध्याकाळीसाठी काकांना आभारपत्र

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आमच्या वाचनालयाने नागपुरात योजलेली नभोवाणीची संध्याकाळ आपल्या मार्गदर्शनाने पार पडली. सादर करणारे सगळे पडद्यामागे आणि श्रोत्यांसमोर केवळ आवाज, एवढे आम्ही ठरवले होते. पण केवळ आवाजावर माणसांना दोन तास बसवून ठेवण्यासाठी काय करावे लागते, हे आकाशवाणीत उभी हयात घालवलेल्या आपल्यासारख्या जाणकारानेच शिकवायचे होते. म्हणून हे जाहीर पत्र.

सर्वांत मोठे ऋण भाषणाच्या संहितेचे आहे. १९८८ साली सुरू झालेल्या आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीसाठी एक हजार किलोवॉटचे प्रक्षेपक नागपुरातच का उभारले गेले, हा माझा विषय होता. आपण संहितेतील एकही माहिती बदलली नाहीत, बदललात तो क्रम. अंधार पडू लागला की घरच्या रेडिओवर दूरदूरची केंद्रे लागू लागतात, या प्रत्येकाच्या अनुभवापासून आपण भाषण सुरू करायला लावलेत. त्यानंतर कारण आले: दिवसा आयनांबराचा, म्हणजे वातावरणातल्या उंचावरच्या विद्युतभारित भागाचा, खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो, सूर्यास्तानंतर तो विरतो आणि त्याच लहरी वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर जातात. देशाच्या मध्यावरचे नागपूर आणि रात्रीची ही वाहिनी यांचा संबंध मग श्रोत्यांनी स्वतःच जुळवला, आणि १५६६ किलोहर्ट्झ हा वाहिनीच्या वारंवारतेचा आकडा त्या जुळणीनंतर आला म्हणूनच लक्षात राहिला. ऐकणाऱ्याला पान उलटून मागे जाता येत नाही, हे आपण प्रत्येक परिच्छेदाशी बजावत होतात. लिहिण्याचा इतका उपयुक्त धडा मला आजवर कोणी दिला नव्हता.

दुसरे भाषण नागपूर केंद्राच्या आरंभाविषयी होते. १९४८ साली हे केंद्र सुरू झाले तेव्हा आपले शहर मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होते, हे तरुण श्रोत्यांना नव्याने कळले.

नभोनाट्याबद्दल मात्र सविस्तर लिहिलेच पाहिजे. घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या आम्हांला माहीत होत्या. परंतु जुन्या ध्वनिफितीचा गुंता हातात चुरगळला की वाळल्या पानांवरून चालल्याचा आवाज येतो, हे आपण दाखवले तेव्हा सगळी मुले आपल्याभोवती गोळा झाली. पात्र निघून जाताना आवाज लहान करू नये, तोच आवाज ठेवून मायक्रोफोनपासून तोंड वळवत मागे सरावे, ही आपली सूचना मला सर्वांत मोलाची वाटते, कारण त्यामुळे अंतर खरे वाटते आणि अभिनय ओढूनताणून केल्यासारखा वाटत नाही. संहितेची पाने टाचणी न लावता सुटी ठेवून आवाज न करता बाजूला सरकवण्याचा सरावही आपण मुलांकडून न कंटाळता करून घेतलात. प्रकृतीची कुरबुर असतानाही आपण तालमींना येत राहिलात, याची आम्हां सर्वांना जाणीव आहे.

एक विनंती आहे. आपल्या हस्ताक्षरातील दुरुस्त्या असलेल्या तिन्ही संहिता वाचनालयात जपून ठेवण्याची परवानगी द्यावी, म्हणजे पुढील कार्यक्रमासाठी लिहिणाऱ्यांना त्या समोर ठेवता येतील. काकूंनाही आमचा नमस्कार सांगावा.

आपली कृतज्ञ,
वाचनालयाची एक कार्यकर्ती, नागपूर