खान्देशच्या उन्हात ‘इनटेक’ बदलण्यापूर्वी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पुरवणीत, वेगवान गाडीचे मूळ एअर इनटेक (इंजिनात हवा नेणारी नळी आणि फिल्टरचा डबा) काढून बाजारातील उघड्या शंकूच्या आकाराचे फिल्टर बसवल्यास ताकद वाढते, असा सल्ला नुकताच वाचनात आला. गेल्या उन्हाळ्यात हा प्रयोग मी माझ्या टर्बो-पेट्रोल (इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो असलेल्या) गाडीवर केला असल्यामुळे, भुसावळ-जळगाव भागातील तरुणांनी पैसे मोजण्यापूर्वी दुसरी बाजूही वाचावी, या तळमळीने हे पत्र लिहीत आहे.

इंजिनाला नुसती जास्त हवा पुरत नाही, ती थंड लागते. हवेचे तापमान साधारण ३ अंशांनी वाढले की तिची घनता जवळपास १ टक्क्याने घटते, आणि त्या प्रमाणात सिलिंडरमध्ये पोहोचणारा ऑक्सिजनही कमी होतो. म्हणूनच कंपनीने दिलेल्या फिल्टरच्या बंद डब्याचे तोंड बहुधा हेडलाइटच्या मागे किंवा जाळीजवळ, बाहेरच्या हवेत असते. उघडे फिल्टर मात्र बॉनेटखालची, इंजिनाने तापलेली हवा ओढते. वायरच्या टोकाला संवेदक असलेला साधा डिजिटल थर्मामीटर मी फिल्टरच्या तोंडाशी बांधला होता. बाहेर ४३ अंश असताना रेल्वे फाटकापाशी दहा मिनिटे गाडी चालू ठेवून थांबलो, तेव्हा उघड्या फिल्टरपाशी ६८ अंश दिसले. दुसऱ्या दिवशी तशाच उन्हात मूळ डब्याच्या तोंडाशी ४९. गाडी वेगात धावू लागली की हा फरक बराच कमी होतो आणि टर्बो गाडीत इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा भाग) त्यातला काही भाग भरून काढतो, हे मान्य केलेच पाहिजे. पण गावात, सिग्नलवर, ट्रकच्या मागे रांगेत हा तोटा सोसावाच लागतो.

टर्बो गाडीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. टर्बोने हवेचा दाब किती ठेवायचा हे इंजिनाचा संगणक ठरवतो; हवेची वाट थोडी मोकळी झाली तरी तो मूळ मर्यादेच्या पुढे सहसा जात नाही. त्यामुळे संगणकाचे ट्यूनिंग (त्यात भरलेल्या इंजिनाच्या सूचना) न बदलता केवळ इनटेक बदलल्यास हाती फारसे लागत नाही. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० किलोमीटर वेग गाठण्यास लागणारा वेळ माझ्या भाच्याने शेजारी बसून अनेकदा मोजला. दोन्ही इनटेकमधला फरक एकाच इनटेकच्या दोन फेऱ्यांमधल्या फरकापेक्षाही कमी भरला. आमच्या अमळनेरच्या मिस्त्रींनी एक फेरी मारून सांगितले होते तेच खरे ठरले: “आवाज वाढना भाऊ, गाडी तितलीच पयस” (आवाज वाढला, गाडी तेवढीच पळते). तो सूं-सूं आवाज मलाही आवडला होता. आवाजासाठीच कोणी पैसे खर्च करणार असेल, तर त्याला माझी हरकत नाही.

धुळीचे मात्र तसे नाही. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक, त्यात कापसाच्या हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून उडणारे तंतू. तीन महिन्यांनी फिल्टरच्या पुढची, म्हणजे इंजिनाकडची नळी काढून आत बोट फिरवले, तर बोटाला तेलकट करडा थर लागला. ही धूळ टर्बोची पाती आणि सिलिंडरच्या भिंती झिजवते. तेल लावलेल्या कापडी फिल्टरला धुतल्यानंतर तेल जास्त झाले, तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसून त्याचे मोजमाप चुकवते. शिवाय ज्या इनटेकचे फिल्टर बंपरपाशी अगदी खाली बसते, त्यातून पावसाळ्यात साचलेले पाणी ओढले गेल्यास कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो.

ट्यूनिंग बदलून ताकद खरोखरच पुष्कळ वाढवलेली असेल आणि मूळ डबा अपुरा पडत असल्याचे मोजून दिसले असेल, तर बाहेरची हवा घेणारा बंद डब्याचा इनटेक घेणे योग्यच आहे. इतरांनी वेळेवर मूळ कागदी फिल्टर बदलावे. मी तेच करतो.

मोठ्या गॅरेजवाल्यांना आपल्यामार्फत एक विनंती आहे. डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) गाडी तपासताना बहुधा बॉनेट उघडे आणि समोर मोठा पंखा असतो, त्यामुळे बॉनेटखालची उष्णता आलेखात उमटतच नाही. म्हणून ग्राहकाला आधीचा आणि नंतरचा आलेख एकाच दिवशीचा, बॉनेट बंद ठेवून काढलेला आणि हवेचे तापमान नोंदवलेला द्यावा.

आपला,
एक वाचक, भुसावळ