गाडीचं जन्मस्थान आणि वाहतूकमंत्री : एक खुले पत्र

माननीय वाहतूकमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

‘आपल्या देशात बनलेलीच गाडी घ्या’ असं आवाहन करण्याचा मोह तुमच्या खुर्चीवर बसलेल्या कोणालाच आवरत नाही. शोरूममधला विक्रेता नेमका उलटा. तो आवाज खाली आणून सांगतो, ‘ही बाहेरून आलीय, पत्रा बघा.’ दोघंही गाडीची जन्मपत्रिकाच मांडतात. मला हे पटत नाही.

कॅलिफोर्नियात फ्रीमाँट इथे जनरल मोटर्सचा कारखाना होता. सुमार कामासाठी बदनाम. १९८२ साली तो बंद पडला आणि १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत पुन्हा सुरू झाला. कामगार बरेचसे जुनेच होते. बदलली ती पद्धत : चूक दिसली की कामगाराने दोरी ओढायची, गरज पडली तर सगळी लाइन थांबवायची. बघता बघता तिथल्या गाड्या चांगल्या निघू लागल्या. हा दर्जा अमेरिकेचा म्हणायचा की जपानचा? मी तर दोरीचा म्हणेन.

आता उलटं उदाहरण. २०१६ मध्ये निस्सानच्या दोन गाड्या समोरासमोर धडकवून पाहिल्या. दोन्ही मेक्सिकोत बनलेल्या. एक त्सुरू, मेक्सिकोच्या बाजारात विकली जाणारी, एअरबॅग नसलेली. दुसरी व्हर्सा, अमेरिकेत विकली जाणारी. त्सुरूतला चालक बहुधा वाचला नसता, व्हर्सातल्याचं गुडघ्याच्या दुखापतीवर निभावलं असतं. कंपनी एक, देश एक. फरक पडला तो गाडी कोणत्या बाजारासाठी बांधली याचा, म्हणजे तिथल्या सरकारने काय सक्तीचं केलं होतं याचा. मंत्रिमहोदय, ही बाब तुमच्या सहीच्या टप्प्यातली आहे.

आणि ‘बनली’ म्हणजे तरी काय? चासी नंबर ‘जे’ (J) या इंग्रजी अक्षराने सुरू झाला की जपान, ‘डब्ल्यू’ने (W) झाला की जर्मनी, एवढं कळतं. आतल्या सुट्या भागांचं काय? ताकाता या एकाच कंपनीचे सदोष एअरबॅग किती देशांतल्या, किती कंपन्यांच्या गाड्यांत निघाले!

देश अगदीच गैरलागू आहे असं नाही. इथल्या कामगाराच्या हाताला काम मिळावं म्हणून कोणी इथली गाडी घेत असेल तर ते कारण मला मान्य आहे. फक्त त्याला दर्जाचं नाव देऊ नका. सुटे भाग वेळेवर मिळणं हेही खरं कारण. पण परदेशी गाडीचे भाग कोपऱ्यावर मिळतात आणि देशी गाडीसाठी महिनाभर ताटकळावं लागतं, असंही होतंच.

तेव्हा मागणी सरळ आहे. अमेरिकेत ऑक्टोबर १९९४ पासून बनलेल्या नव्या गाडीवर चिठ्ठी असते : अमेरिका-कॅनडातले भाग किती टक्के, जुळणी कुठे झाली, इंजिन आणि गिअरबॉक्स कुठले. तशी चिठ्ठी इथेही सक्तीची करा. तिच्यावर आणखी दोन ओळी हव्यात : इथे विकल्या जाणाऱ्या याच गाडीला धडक चाचणीत किती तारे मिळाले आणि या कारखान्यातल्या किती गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. अक्षरं मात्र चष्म्याशिवाय वाचता येतील एवढी मोठी ठेवा.

आपला नम्र,
गाडी घ्यायला निघालेला एक नागरिक