आई, नदीवर जाऊ नको

प्रिय आई-बाबा,
जय ख्रिस्त.

फोनवर हे बोलणं होत नाही, सुरू केलं की आई रडते आणि मग मीही, म्हणून लिहून राहिली आहे. बाबा, आईला वाचून दाखवा, तिचा चष्मा अजून बदलायचा आहे, आणि मधलं काही गाळू नका.

आधी ठरलेलं सांगून टाकते. बाळाचा बाप्तिस्मा नाताळानंतरच्या पहिल्या रविवारी नागपूरलाच करतो आहोत, पाळकसाहेबांशी बोलणं झालं. गावात नाही. आई, तू झबलं शिवून ठेवलंय, आणि तुला ते आपल्याच देवळात, आजोबांच्या बाकासमोर व्हायला पाहिजे होतं, हे मला माहीत आहे. पण आता आपली चर्चची मंडळी सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, सोडून नव्या संगतीत चालली, सह्या झाल्या, आणि तिथं लहान लेकरांना बाप्तिस्मा देतच नाहीत, नुसतं समर्पण करतात आणि मोठं झाल्यावर पाण्यात बुडवतात. मग मी काय करू? तुझा भंडाऱ्याला झाला, दादाचा झाला, माझा झाला, सगळ्यांचा मांडीवर असतानाच झाला, बाळाचाही तसाच व्हावा एवढंच मनात आहे. तुला दुखवायचं म्हणून नाही गं, खरंच नाही. आणि झबलं तेच घालणार, दुसरं मी आणलंच नाही.

आता दुसरं. दादा म्हणाला, तू नदीवर पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला नाव दिलं. आई, त्या लोकांसोबत प्रार्थनेला तू खुशाल जा. तू दवाखान्यात होती तेव्हा त्याच बाया रोज डबा आणायच्या, रात्री उशाशी बसून प्रार्थना करायच्या, मी इकडे आठवा महिना घेऊन पडून होती, येता आलं नाही, ते मला अजून लागतं. त्यांची माया खरी आहे. तुझ्या सगळ्या मैत्रिणी तिकडे गेल्यावर तू एकटी कोणाजवळ बसशील, तेही समजते. पण नदीत उतरू नको.

एक तर तुझा पाय. दिवाळीत मी पट्टी सोडली तेव्हा अंगठ्याखालची जखम कडेनं पांढरी पडली होती, मधे ओली, आणि तू म्हणे दुखतच नाही. दुखत नाही म्हणूनच तर मला भीती वाटते, शुगरमध्ये पायाच्या नसा बधिर झाल्या की काटा रुतला तरी कळत नाही. त्यात डिसेंबरमधलं वर्धा नदीचं पाणी, तो गाळ, ते दगड. जखम चिघळली तर बोटावर थांबत नाही आई.

पण पाय धडधाकट असता तरी मी हेच म्हटलं असतं. तुझा बाप्तिस्मा झालेला आहे. एक प्रभू, एक विश्वास, एक बाप्तिस्मा, इफिसकरांस ४:५, संडेस्कूलमध्ये तूच माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. ज्या मिशनरी हिस्लॉपसाहेबांची टाकळघाटच्या पुराची गोष्ट बाबा झोपताना सांगायचे, त्यांच्या स्कॉटलंडच्या चर्चनं १६४७ मध्ये मान्य केलेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात लिहिलंय की बाप्तिस्मा माणसाला एकदाच द्यायचा, आणि बुडवणं जरुरी नाही, पाणी ओतलं किंवा शिंपडलं तरी तो बरोबरच. मंडळीचं नाव काय पहिल्यांदा बदलून राहिलं? १९२४ ला प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं, मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा चर्च एक होऊन सीएनआय झालं. आजोबा गेले होते तिथं, आणि आजी कितीतरी दिवस म्हणत राहिली, बिशप कशाला पाहिजे, आपले मंडळी चालवणारे वडील, एल्डर, तेच बरे होते. पण तेव्हा कोणी आजीला म्हटलं नाही की तुझा पहिला बाप्तिस्मा धरत नाही. बाप्टिस्ट लोकही त्यात आले होते, म्हणून लेकरांचा आणि मोठ्यांचा, दोन्ही पद्धती सीएनआयमध्ये चालतात.

मला देव माहीत झाला तो तुझ्या चुलीपुढे. पहाटे तू भाकरी थापता थापता एकेकाचं नाव घ्यायची, दादाची परीक्षा, बाबांचा खोकला, काकूचा दवाखाना, गाभण गायसुद्धा, आणि मी गोधडीतून माझं नाव कधी येते ते ऐकत पडायची. त्या आईला कोणी म्हणावं की अजून तुझं पूर्ण झालं नाही, हे मला सहन होत नाही. बाया विचारतील तर माझं नाव सांग, पोरीनं मनाई केली म्हण, वाईटपणा माझ्याकडे राहू दे.

इथं यायचं काही टेन्शन घेऊ नको. खालचीच खोली आहे, पायऱ्या नाहीत, कमोड आहे, बाजूला धरायला दांडा लावून घेतला. ज्वारीचं पीठ दळून आणलंय, अंबाडीची भाजी मिळाली तर तीही करीन, बाबांसाठी सकाळचा पेपर लावला. गाडी शनिवारी सकाळी येईल. आई, तू समोर ड्रायव्हरजवळ बस, मागं बसली की तुला मळमळते.

आणि ऐक, इन्सुलिन फ्रीजच्या दारात ठेवायचं, वर बर्फाच्या खणात नाही, गोठलं तर वाया जाते. जखमेवर हळद-चुना अजिबात नको. घरातही चप्पल घाल. बाबा, तुम्ही रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन तिचा तळवा पाहायचा, ती नाही म्हटली तरी. कापूस वेचायला बाया मिळत नसतील तर दोन दिवस राहू द्या वावरात, दादा पाहून घेईल.

नव्या लोकांकडे जायचं की बाबांसोबत जुन्या देवळात बसायचं, ते तुझं तू ठरव, त्यात मी बोलणार नाही. फक्त नदीवरच्या यादीतून नाव काढलं की मला एक फोन कर. दुपारी कर, तेव्हा बाळ झोपलेलं असते.

तुमची,
गुड्डी